दहा हजार खुर्च्यांत एक रुमाल

शनिवार, अकरा ऑगस्ट दोन हजार सात. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. अमेरिकेतलं इलिनॉय राज्य, लिंडेन फील्ड नावाचं राष्ट्रीय रग्बी स्टेडियम, फाटक क्रमांक तीन. तिकिटं दोन, माणूस एक.

तो एक म्हणजे मी. आणि दुसरा कुठे होता? तर समोरच, साठ पावलांवर, पार्किंगमध्ये, स्वतःच्या गाडीत, काचा वर, एसी चालू, कानात ते यंत्र खुपसलेलं... माझा मुलगा, ईशान. "बाबा, तुम्ही पुढे व्हा, मी पाच मिनिटांत येतो." पाच मिनिटांत! तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं मी बातमीदारी केली, मंत्र्यांची पाच मिनिटं पाहिली, पोलिस आयुक्तांची पाहिली, कुलगुरूंची तर जेवणाच्या सुट्टीसकट पाहिली, पण ती सगळी पाच मिनिटं कधी ना कधी संपायची हो! माणूस बाहेर यायचा, 'नंतर बोलू' म्हणायचा आणि गाडीत जाऊन बसायचा. हा तर आधीच गाडीत बसलेला! आता याच्या बाहेर येण्याची वाट बघायची तरी कुठल्या दाराशी?

तुम्ही म्हणाल, मनोहरपंत, तुम्ही आणि रग्बी? उभ्या जन्मात तुम्ही त्या खेळाचा चेंडू बघितलात का? नाही बघितला. सांगतो ना. पण त्याआधी नेपरव्हिल सांगायला पाहिजे.

नेपरव्हिल म्हणजे शिकागोच्या पश्चिमेला, जिथे माझ्या मुलाचं घर आहे. मोठं घर, गालिचा असा की पाय टाकला की बोटं दिसत नाहीत. सून रेणू सकाळी सातच्या गाडीने शहरात, ईशान साडेसातला ऑफिसला, आणि मी खिडकीत. तीन महिने. आणि रस्त्यावर माणूस नाही! घरं आहेत, गाड्या आहेत, गवत तर असं कापलेलं की दर शनिवारी न्हावी येत असावा, पण माणूस? आता माझी खोड अशी, की समोर रस्ता आला की मी डोकी मोजणार. पहिल्या दिवशी वहीत नोंद केली : सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, पादचारी चार. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या आठवड्यात मी कुत्रीही धरायला लागलो. आयुष्यभर आकडा फुगवला नाही, फुगवला तो तिथे.

ही खोड लावली आमच्या मुख्य बातमीदारांनी, त्र्यंबकरावांनी. सभेचा आकडा तीन प्रकारचा असतो, ते सांगायचे. आयोजक सांगतात तो, पोलिस सांगतात तो, आणि खरा. उंच जागी चढायचं, मंडपाच्या चार बांबूंमधला एक चौकोन धरायचा, त्यातली डोकी मोजायची, मग असे चौकोन किती ते बघायचं आणि गुणायचं. आयोजक म्हणायचे एक लाख, पोलिस म्हणायचे साठ हजार, मी लिहायचो अकरा हजार दोनशे. मग संपादकांना फोन, मला शिव्या, एकदा तर स्कूटरची हवा काढली, दोन्ही चाकांची, म्हणजे बघा किती मन लावून! आकडा मात्र बदलला नाही. आणि घरी पोचलो की बायको, मीनाक्षी, ताट मांडता मांडता एकच विचारायची, "पेपरात काय यायचं ते येईल. खरे किती?" मी सांगायचो. मग ती भात वाढायची. तीन वर्षं झाली तिला जाऊन. मोजायचं थांबलेलं नाही, पण मोजलेलं सांगायचं कुणाला... असो. मी स्टेडियमचं सांगत होतो.

तर तिथे एक फुकटचं साप्ताहिक दारात येऊन पडतं. रेणू ते न उघडता कचऱ्यात टाकते, मी कचऱ्यातून काढून वाचतो. त्यात चौकट होती : राष्ट्रीय रग्बी स्टेडियम, दर शनिवारी दहा वाजता इतिहासाची सफर. अमेरिकेत रग्बी? मी शेजाऱ्याला विचारलं, तो गवताचं यंत्र बंद करून पाच सेकंद विचार करून म्हणाला की ते इंग्लंडमध्ये असतं. ज्या खेळाचं शेजाऱ्याला माहीत नाही त्याचं राष्ट्रीय स्टेडियम, तेही दहा हजार खुर्च्यांचं! इथे बातमी आहे हे मला वासावरून कळलं. मी ईशानला म्हटलं, जाऊया. तो म्हणाला, नक्की बाबा. जूनमध्ये त्याचं काहीतरी रिलीज आलं, कॅन्सल केलं. जुलैमध्ये भारतातून क्लायंट आला, कॅन्सल केलं. भारतातून मीसुद्धा आलो होतो, पण ते जाऊ द्या. मंगळवारी माझं परतीचं विमान, म्हणजे अकरा ऑगस्ट हा शेवटचा शनिवार.

आणि तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मला रग्बीचं काय पडलंय हो! तीन महिन्यांत आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. इंडियन ग्रोसरी धरली तर अकरा वेळा गेलो, पण तिथे तो यादी वाचतो आणि मी पिशवी धरतो, त्याला काही जाणं म्हणत नाहीत. मला दीड तास पाहिजे होता. शेजारच्या खुर्चीत बसलेला मुलगा, दीड तास. बोलला नसता तरी चाललं असतं.

फाटकावर एक पोरगी होती. तिने माझ्या हातातले दोन्ही कागद घेतले, यंत्राखाली धरले, टुक, टुक. मी म्हटलं, बाई, दुसरा यायचाय अजून. ती गोड हसली. "यू आर ऑल सेट!" तुम्हाला सांगतो, त्या देशात तुमचं काहीही राहिलेलं असो, सामान, सही, मुलगा, तुम्ही ऑल सेटच असता. तिच्या यंत्रावर आकडा उमटला, तेवीस. मी सवयीने मागे वळून मोजलं. मला धरून बावीस. झाली ना सुरुवात! छापलेले तेवीस. खरे किती?

सफर दाखवायला आला तो डेल. सत्तरीचा, फुकट काम करणारा स्वयंसेवक, एके काळी स्वतः खेळलेला. खांदे दाराएवढे, नाक डावीकडे वळलेलं, आणि एक कान असा चुरगळलेला की थेट कांदाभजी. त्याच्या कागदावर माझ्या नावापुढे दोन लिहिलेलं. मला म्हणाला, मिस्टर मॅनोहार, तुमच्याबरोबरचे? मी पार्किंगकडे बोट केलं, म्हटलं मुलगा, पाच मिनिटांत येतो. आणि त्या भल्या माणसाचा विश्वास बसला हो! खेळाडूंच्या खोलीच्या दारात तो दार धरून थांबला. मालिशच्या खोलीच्या दारात थांबला. बाकीचे एकवीस जण आत खोळंबलेले, एक बाई घड्याळाकडे बघून सुस्कारे टाकतेय, आणि हा दार धरून मला डोळ्यांनी विचारतोय, येतोय का? मी खिडकीतून बघायचो, गाडी तिथेच, ईशानचे ओठ हलतायत, एक हात हवेत गोल फिरतोय, म्हणजे तो कुणाला तरी समजावतोय. मी डेलला म्हणायचो, येतोच आहे.

आता खरं सांगायचं, आणि मी खरं सांगण्याबद्दलच बदनाम, तर 'पाच मिनिटांत येतो' हे वाक्य ईशानचं नाही. ते माझं आहे. ऑफिसातून घरच्या फोनवर मी ते वीस वर्षं म्हटलं. शाळेचं गॅदरिंग असो, पोराची दाढ दुखत असो, श्रीखंड गरम होत असो... पाच मिनिटांत येतो, आणि मग पहिली आवृत्ती सुटेपर्यंत पत्ता नाही. पोराने माझं अक्षर घेतलं नाही, वाचन घेतलं नाही, हे एक वाक्य तेवढं घेतलं. चालसुद्धा तीच, 'मिनिटांत'वर जरा जोर देऊन. पण म्हणून मी चिडू नये? माझ्याकडे निदान आवृत्ती होती!

बरं, इतिहास ऐका. डेल छाती काढून म्हणाला, रग्बीत ऑलिंपिकचे सध्याचे विजेते कोण, माहीत आहे? मग स्वतःच म्हणाला, अमेरिका! एकोणीसशे वीसला सुवर्णपदक, चोवीसला पुन्हा सुवर्णपदक, तेव्हापासून आजपर्यंत आम्हीच. मी हात वर केला. म्हटलं, अट्ठावीसला काय झालं? डेल म्हणाला, अट्ठावीसला ऑलिंपिकमधून रग्बीच काढून टाकली. म्हणजे बघा! त्र्याऐंशी वर्षं अजिंक्य, का, तर समोर कोणी आलंच नाही! मला एकदम जवळचा वाटला तो संघ. तीन महिने त्या घरात मीही एकाही वादात हरलो नव्हतो.

मग त्याने नियम सांगितला. रग्बीत हातातला चेंडू पुढच्याला द्यायचा नाही, कायम मागच्यालाच द्यायचा. जो तुमच्या पुढे गेला, त्याला हाताने देता येत नाही, शिट्टी वाजते. मी वहीत लिहून घेतलं आणि पुन्हा खिडकीतून गाडीकडे बघितलं. आमच्या दोघांत पुढे कोण गेलंय आणि मागे कोण राहिलंय, हे काही मला ठरवता येईना.

आणि मग तो फोटो आला. भिंतभर मोठा, काचेत मढवलेला. स्टेडियमचा उद्घाटनाचा सामना, एकोणीसशे चौऱ्याहत्तर. खाली पितळी पाटी : प्रेक्षक नऊ हजार चारशे बारा. डेल म्हणाला, पाऊस होता, तरी नऊ हजार चारशे बारा. सगळ्यांनी वा वा केलं. मी? मी जवळ गेलो, चष्मा वर केला, छपराच्या दोन खांबांमधला एक चौकोन धरला, बांबू नव्हते पण खांब होते ना, आणि मोजलं. एकतीस डोकी. असे चौकोन चाळीस. बाराशे चाळीस, कोपऱ्यातले धरून साडेतेराशे. न दिसणारी बाजू तेवढीच भरलेली मानली तरी सत्तावीसशेच्या वर जात नाही. मी वळलो आणि म्हटलं, मिस्टर डेल, पाटीवरचं राहू द्या. खरे किती?

तो म्हणाला, अधिकृत नोंद आहे सर. मी म्हटलं, अधिकृत नोंदीवरच मी चौतीस वर्षं पोट भरलंय, मला खरे सांगा. सुस्कारेवाली बाई म्हणाली, ओ माय गॉड. डेल अगदी शांतपणे म्हणाला, "सर, आम्ही माणसं मोजत नाही, तिकिटं मोजतो. तिकीट गेलं, की माणूस आला."

माझं डोकंच फिरलं! म्हटलं, म्हणजे पाऊस बघून घरी बसला तो हजर? तो म्हणाला, हजर. वाटेतून परत गेला तो? हजर. सामन्याच्या आदल्या दिवशी वारला तो? डेलने भजी खाजवली, विचार केला, म्हणाला, तिकीट घेतलं असेल तर, हो. मी म्हटलं, अहो, असा हिशेब आमच्याकडचा सभांचा आयोजकसुद्धा लावत नाही, तो निदान ट्रक भरून जिवंत माणसं आणतो! मी बोलत होतो, इंग्रजी संपलं तिथे मराठीत बोलत होतो, आणि बाकीचे हळूहळू पुढच्या दालनात सटकले. उरलो मी आणि डेल. तो फोटोकडे बघत होता. मग म्हणाला, त्या आकड्यात दोन माझे आहेत, सर. मी खेळत होतो. आईवडिलांची तिकिटं फाटकावर ठेवली होती, ते ओहायोहून यायचे होते.

एवढं बोलून चालायला लागला.

आले होते का, हा प्रश्न समोर पडलेला होता. शिकाऊ पोरानेसुद्धा विचारला असता. चौतीस वर्षांत समोर पडलेला प्रश्न मी उचलला नाही असं झालं नव्हतं... नाही उचलला. त्याच्या मागून चालायला लागलो.

शेवटी त्याने सगळ्यांना वर नेलं, खुर्च्यांमध्ये. म्हणाला, कुठेही बसा, दहा मिनिटं शांत बसा, मैदान बघा. दहा हजार निळ्या खुर्च्या! लोक कसे बसले माहितीय? एक इथे, एक तिथे, मधे पन्नास-पन्नास खुर्च्या सोडून. मी चौदाव्या रांगेत नऊ नंबरला बसलो. आणि बसल्या बसल्या काय केलं असेल? खिशातून रुमाल काढला आणि दहा नंबरच्या खुर्चीवर टाकला.

हसा. पण हात आपोआप गेला हो! एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली, नाटकाला धरलेली, मुख्यमंत्र्यांच्या पत्रकार परिषदेत धरलेली. रुमाल टाकला म्हणजे माणूस यायचाय, तिथे कोणी बसायचं नाही, हे काय सांगावं लागतं? तर तिथे सांगावं लागतं. एक स्वयंसेवक बाई लगबगीने चढून आल्या, म्हणाल्या, सर, तुमचा रुमाल पडलाय. मी म्हटलं, पडलेला नाही, टाकलाय. त्या म्हणाल्या, का? मी म्हटलं, जागा धरलीय. त्यांनी मान वळवून इकडून तिकडे बघितलं, दहा हजार वजा बावीस रिकाम्या खुर्च्यांकडे, आणि फार मायेने म्हणाल्या, जागा पुष्कळ आहे सर. मी म्हटलं, शेजारची एकच आहे.

बाईंनी काय करावं? रुमाल उचलला, झटकला, त्याची चौकोनी घडी घातली आणि पुन्हा त्याच खुर्चीवर ठेवून खाली उतरल्या. जिन्याशी डेल उभा होता, त्याच्याशी काहीतरी बोलल्या. डेलने दहा मिनिटांची वीस केली. कोणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, फक्त जिन्याच्या दाराला पाठ लावून, ते उघडं धरून उभा राहिला.

वीस मिनिटं झाली. आम्ही उठलो. रुमाल मी उचलला नाही. एकदा धरलेली जागा मी कशाला सोडू?

बाहेर आलो तर अकरा चाळीस. ईशान गाडीतच, मांडीवर लॅपटॉप, समोर शर्टाचं वरचं बटण सोडलेलं. इस्त्रीचा शर्ट होता, सकाळी मुद्दाम घातलेला. मागच्या सीटवर रेणूने दिलेला डबा, आत बसून दोघांनी खायचे पोळीचे रोल, न उघडलेला. मला बघून त्याने कानातलं काढलं. म्हणाला, "झालंसुद्धा? बाबा, शपथ, आत्ता उठतच होतो." त्यांचं काहीतरी बंद पडलं होतं, अर्ध्या देशातले लोक एकाच फोनवर होते, तो निघाला असता तर... मला समजावून सांगत होता. मी ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, कसं होतं? मी म्हटलं, मोठं होतं. पुढे चाळीस मिनिटं तो पुन्हा फोनवर. मी दोन्ही रोल खाल्ले.

आता शेवटचं, मग सोडतो तुम्हाला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, ईशानच्या मित्राकडे, श्रीरामकडे, मला निरोपाचं जेवण. पंधरा-सोळा माणसं, मोजली होती, मला सोडून सोळा. आणि जेवताना ईशान सांगायला लागला, की काल आम्ही दोघं रग्बी स्टेडियम बघून आलो, बाबांची फार इच्छा होती. चोवीसचं ऑलिंपिक सांगितलं, त्र्याऐंशी वर्षांचा विजेता सांगितला, चेंडू मागे द्यायचा नियम हातात पापड घेऊन करून दाखवला. मी गाडीत टाकलेलं माहितीपत्रक वाचलं होतं पठ्ठ्याने, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत! आणि सांगितलं किती छान, यार, मी आत जाऊन आलो तरी मला नसतं जमलं. सगळे हसत होते. मग श्रीराम माझ्याकडे वळला. "काय काका, मग दोघांनी धमाल केलीत म्हणायची?"

सोळा माणसं माझ्याकडे बघायला लागली. त्यातली पंधरा सोडा. ईशानने बघितलं. आणि तुम्हाला सांगतो, डोळे त्याच्या आईचे आहेत. हातात ताट घेऊन तिने जसं बघावं तसं बघितलं त्याने. खरे किती?

मी म्हटलं, "दोघं होतो. मजा आली."

स्कूटरची हवा काढली तेव्हा बदलला नाही, संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा बदलला नाही, आणि तिथे, श्रीरामच्या डायनिंग टेबलावर, आयोजकांनी दिलेला आकडा मी जन्मात पहिल्यांदा जसाच्या तसा छापला. ईशानने मान खाली घातली आणि माझ्या पानात स्वतःच्या हाताने भात वाढला.

मंगळवारी विमानात बसलो. घरी येऊन स्टेडियमला पत्र टाकलं, चौऱ्याहत्तर सालच्या पाटीबद्दल, चौकोनांच्या आकृतीसकट. खाली एक ओळ जास्त लिहिली, की डेलने ठेवलेल्या दोन तिकिटांवर त्या दिवशी आत कोणी आलं होतं का, ते कळवावं. उत्तर नाही. दुसरं पत्र टाकलं, रजिस्टर. उत्तर नाही.

अकरा ऑगस्टच्या आकड्याबद्दल मात्र मी काही विचारलेलं नाही. त्यांच्या दफ्तरी तेवीस आहेत. माझ्या वहीत बावीस. तेविसाव्याच्या खुर्चीवर, चौदावी रांग, दहा नंबर, घडी घातलेला एक पांढरा रुमाल आहे, आणि त्यावर हक्क सांगायला अजून कोणी आलेलं नाही.